विश्लेषण : छतावर सौर पॅनेल बसले, घरात गळती सुरू झाली… भरपाई कोणाकडे आणि कशी मागायची?

उसाचे बिल जमा झाले की घराचे एखादे रखडलेले काम काढायचे, ही सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर पट्ट्यातली जुनी रीत. गेल्या काही वर्षांत या कामांमध्ये छतावरच्या सौर पॅनेलची भर पडली आहे. पॅनेल बसते, वीजबिल उतरते. पण पहिल्या मोठ्या पावसात खोलीच्या छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. बसवणारा म्हणतो, ‘स्लॅब आधीच गळत होता.’ घरमालकाला वाटते, सरकारी योजना आहे म्हणजे दुरुस्ती सरकारच करील. दोघांचेही म्हणणे बहुतेक वेळा अपुरे असते. काम करायला आलेल्याने घराचे नुकसान केले तर कायदा काय सांगतो, पुरावा कसा जमवायचा आणि दाद कुठे मागायची, याचा हा आढावा.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ला मंजुरी दिली. ७५ हजार २१ कोटी रुपयांच्या या योजनेत देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसवण्याचे उद्दिष्ट आहे. एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एका किलोवॉटसाठी साधारण १०० चौरस फूट जागा लागते. गावाकडच्या स्वतंत्र घरांना तेवढे छत सहज असते. त्यामुळे योजना गावोगावी पोहोचली आणि तिच्याबरोबर ड्रिल मशीनही छतांवर पोहोचले.

दुसरे कारण पावसाचे. मे २०२५ मध्ये मोसमी वारे नेहमीपेक्षा बरेच आधी, २५ मे रोजी राज्यात दाखल झाले. त्याच दिवशी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, पिंपळी-लिमटेक परिसरात नीरा डावा कालवा फुटला आणि मदतीसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पाठवावी लागली. ‘पावसाळ्याआधी छिद्रे बुजवून देतो’ हे आश्वासन मेअखेरीसच निकामी ठरू शकते, हा त्यातला धडा आहे. उन्हाळ्यात झालेल्या कामाची खरी परीक्षा पाऊसच घेतो, आणि तोवर शेवटचा हप्ताही देऊन झालेला असतो.

नुकसान नेमके कसे होते?

अनेकांना पॅनेलच्या वजनाची भीती वाटते. प्रत्यक्षात तीन किलोवॉटच्या यंत्रणेत साधारण ५४० वॉटची सहा पॅनेल असतात आणि त्यांचे मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास भरते. सुस्थितीतल्या आरसीसी स्लॅबला ते जड नाही. खरा भार वाऱ्याचा असतो. ताशी १५० किलोमीटर वेग धरला तर भारतीय मानकातील सूत्रानुसार प्रत्येक चौरस मीटरवर शंभर किलोपेक्षा थोडा अधिक दाब येतो. सहा पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस मीटर. म्हणजे हिशेब दीड टनाच्या पुढे जातो. पॅनेलचा उतार, उंची आणि घराच्या जागेनुसार हा आकडा बदलतो. पण पॅनेल छतावर ‘ठेवून’ भागत नाही, ते ‘धरून’ ठेवावे लागते, हे त्यातून कळते.

धरून ठेवण्यासाठी सांगाड्याचे पाय अँकर बोल्टने स्लॅबला जखडले जातात, आणि अडचण इथेच सुरू होते. आपल्याकडच्या बहुतेक छतांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. पाणी अडवण्याचे काम तो करतो. ड्रिल कोब्यातून आरपार गेले आणि छिद्र नीट बुजवले नाही, तर पाणी कोब्याखाली शिरते, उताराने वाट काढत जाते आणि भलत्याच खोलीत टपकते. म्हणूनच बोल्ट एका कोपऱ्यात आणि ओल दुसऱ्या कोपऱ्यात असे दिसते, आणि बसवणाऱ्याला ‘आमचा संबंध नाही’ म्हणायला वाव मिळतो.

याशिवाय स्लॅबमधून गेलेला वायरिंगचा पाइप ड्रिलने फुटणे, कठड्याला तडा जाणे, पत्र्याच्या छतावर स्क्रूभोवती वॉशर न बसवल्याने पाणी झिरपणे, अर्थिंगचे खड्डे घेताना नळाची लाइन किंवा अंगणातली फरशी फुटणे, हे नेहमीचे प्रकार. कोब्याला छिद्र न पाडता सिमेंट काँक्रीटचे जड ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करण्याचाही पर्याय असतो. मात्र ते ठोकळे वाऱ्याच्या हिशेबाने पुरेसे जड हवेत.

जबाबदार कोण : एजंट, व्हेंडर की महावितरण?

गावात काम आणणारा ओळखीचा एजंट असतो. छतावर चढणारी मुले तिसऱ्याच ठेकेदाराची असतात. योजनेच्या पोर्टलवर मात्र नोंद असते ती एका नोंदणीकृत व्हेंडरची. घरमालकाचा करार याच व्हेंडरशी होतो. त्याने काम पुढे कोणाला दिले, हा त्याचा अंतर्गत मामला. ‘ती पोरे आमची नव्हती’ हे उत्तर कराराची जबाबदारी झटकायला पुरत नाही. म्हणून तक्रारीत पहिले नाव व्हेंडरचे हवे. एजंटाने स्वतःच्या खात्यावर पैसे घेतले असतील तर त्याचेही नाव घालावे.

पॅनेल किंवा इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीची हमी त्या वस्तूपुरती असते. कोबा फुटला म्हणून ती कंपनी पैसे देणार नाही. मात्र इन्व्हर्टरमधील दोषामुळे घरातील इतर वस्तू जळाल्या, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील ‘उत्पादन दायित्वा’ची तरतूद लागू होऊ शकते. तिच्यानुसार उत्पादक, विक्रेता आणि संबंधित सेवा देणारा, यांच्याकडे भरपाई मागता येते.

महावितरणची भूमिका यात मर्यादित आहे. ती जोडणीची तपासणी करते, नेट मीटर बसवते आणि यंत्रणा सुरू झाल्याची नोंद करते. तपासणीचा भर वीजयंत्रणेवर असतो. अधिकाऱ्याने सही केली म्हणजे कोबा शाबूत असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, असे होत नाही. खासगी व्हेंडरने केलेल्या गळतीसाठी महावितरणच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊन उपयोग नाही, कारण तो मंच वीज कंपनीविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. पण मीटर बदलताना महावितरणच्याच माणसांनी किंवा तिने नेमलेल्या एजन्सीने भिंत फोडली, तर तक्रार महावितरणकडेच करायची आणि दाद न मिळाल्यास या मंचाकडे जायचे.

‘पाच वर्षांची देखभाल’ म्हणजे काय?

योजनेत व्हेंडरने पाच वर्षे सर्वसमावेशक देखभाल द्यायची असते. ही देखभाल सौर यंत्रणेची, घराची नव्हे, असा युक्तिवाद व्हेंडर करतात. तो अर्धाच बरोबर आहे. पॅनेल धुणे, जोडणी तपासणे, बंद पडलेला इन्व्हर्टर सुरू करणे ही कामे देखभालीत येतात. छताची गळती त्यात येत नसेल, तरी ती बसवण्याच्या कामातील त्रुटी ठरते आणि त्याची जबाबदारी वेगळ्या वाटेने व्हेंडरवरच येते. कायद्यात ‘सेवेतील त्रुटी’ म्हणजे कामाच्या दर्जात, पद्धतीत किंवा स्वरूपात राहिलेली उणीव. करारात ‘छताचे नुकसान झाल्यास दुरुस्ती करून देऊ’ असे लिहिलेले नसले, तरी निष्काळजी काम ही त्रुटीच असते.

बांधकामाशी संबंधित कामे ‘सेवा’ ठरतात का, हा वादही जुना आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा असल्याचे स्पष्ट केले. सौर यंत्रणेच्या बाबतीत तर करआकारणीतच सेवा मान्य केलेली आहे. वस्तू व सेवा कराच्या हिशेबात अशा कामाचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के भाग सेवा धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवरचा दर १८ टक्केच राहिला. पक्के बिल घेतले असेल तर ‘आम्ही फक्त माल विकला’ हा बचाव त्या बिलावरच अडखळतो.

नुकसान दिसल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या २०२१ च्या निकालात सांगितले की, सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. म्हणजे ओल दाखवणे पुरेसे नाही. ओल आणि ड्रिलचे छिद्र यांचा संबंध दाखवावा लागतो. त्यासाठी क्रम असा ठेवता येईल.

आधी छायाचित्रे आणि व्हिडीओ. खोलीतील ओल, त्याच्या वरचा छताचा भाग, प्रत्येक बोल्ट, कोब्याचे तडे. बोल्ट आणि ओल यांच्यात किती फूट अंतर आहे ते फितीने मोजून कागदावर साधा नकाशा काढावा. फोनमधली मूळ छायाचित्रे पुसू नयेत. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत आणि मूळ फाइल यांत फरक पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडण्याची पद्धत आहे, आणि मूळ फोन हाताशी असला तर ते सोपे जाते.

मग पाण्याची चाचणी. पाऊस थांबल्यावर संशयित बोल्टभोवती छोटा बांध घालून पाणी साठवायचे आणि खाली ओल किती वेळाने, कुठे वाढते ते नोंदवायचे. ही चाचणी स्थापत्य अभियंत्यासमोर करून त्याचा सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घेतला तर पुढचा निम्मा वाद मिटतो. चाचणीची तारीख व्हेंडरला आधी कळवावी. तो आला तर त्याच्यासमोर होईल. नाही आला तर बोलावूनही आला नाही, याची नोंद राहील.

तिसरी गोष्ट, नुकसान वाढू न देणे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना, नुकसान कमी करण्यासाठी हाताशी असलेले उपायही विचारात घेतले जातात. ताडपत्री टाकणे, ओल्या भागातला वीजपुरवठा बंद करणे, सामान हलवणे हे करायलाच हवे. त्याच्या पावत्याही ठेवाव्यात. मात्र छायाचित्रे आणि तपासणी होण्याआधी कायमची दुरुस्ती करून टाकली, तर पुरावाच सिमेंटखाली जातो.

पॅनेलच्या वायरींना हात लावायचा मोह टाळावा. ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज असते, मेन स्विच बंद केला तरीही. शिवाय दुसऱ्याने पॅनेल उतरवले तर व्हेंडर हमी नाकारू शकतो.

‘पाऊसच एवढा होता, आम्ही काय करणार?’

अतिवृष्टीनंतर हा बचाव हमखास पुढे येतो. त्याचे उत्तर साध्या तुलनेत सापडते. त्याच छताचा जो भाग पॅनेलखाली नाही, तिथेही गळती झाली का? त्याआधीच्या पावसाळ्यांत त्या खोलीत ओल होती का? गळती फक्त बोल्टांच्या रांगेत असेल आणि आधीचे पावसाळे कोरडे गेले असतील, तर पावसाने फक्त छिद्र दाखवून दिले, छिद्र त्याने पाडले नाही. आधीच्या दिवाळीत किंवा घरच्या कार्यक्रमात काढलेले, मागे छत दिसणारे एखादे छायाचित्र इथे मोठ्या कामाचे ठरते.

वाऱ्याबाबतही तेच. केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या तांत्रिक निकषांत सांगाडा किमान ताशी १५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात टिकेल असा हवा. वळवाच्या वादळात तो उखडला, कठडा घेऊन खाली आला, तर वारा ताशी १५० किलोमीटरपेक्षा जास्त होता का, हा पहिला प्रश्न.

याची दुसरी बाजूही आहे. छत आधीपासून गळत असेल, कोबा वीस वर्षांचा असेल, तर संपूर्ण छताच्या नव्या वॉटरप्रूफिंगचा खर्च व्हेंडरच्या माथी मारता येणार नाही. जे त्याच्या कामामुळे बिघडले तेवढेच मागता येते. वाढवून मागितलेली रक्कम खऱ्या मागणीलाही संशयास्पद करते.

भरपाईत काय काय धरता येते?

उदाहरणादाखल एक काल्पनिक घर घेऊ. तीन किलोवॉटची यंत्रणा, किंमत १ लाख ९० हजार. गळतीनंतर कोबा दुरुस्तीचे कोटेशन ३५ हजार, आतला गिलावा, पुट्टी आणि रंग १२ हजार, वायरिंग ५ हजार, अभियंत्याचे शुल्क ४ हजार. अनेक जण इथेच थांबतात आणि सर्वांत अडचणीचा खर्च विसरतात. कोबा दुरुस्त करायचा तर वरची पॅनेल उतरवून पुन्हा बसवावी लागतात. त्याचे १५ हजार धरले तर बेरीज ७१ हजारांवर जाते.

शिवाय दुरुस्तीच्या काळात वीजनिर्मिती बंद राहते. एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरले तर तीन किलोवॉटला बारा, वीस दिवसांत २४० युनिट. हा तोटाही वीजबिलांची तुलना करून दाखवता येतो. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांसाठी आयोग वेगळी रक्कम देऊ शकतो. ती प्रकरणागणिक बदलते.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार आयोग दोष दूर करण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. त्यामुळे मागणी दोन पर्यायांत मांडणे शहाणपणाचे : व्हेंडरने ठरावीक दिवसांत, अभियंत्याच्या देखरेखीखाली दुरुस्ती करावी, न केल्यास दुरुस्तीचा खर्च द्यावा. ज्याने छत फोडले त्याच्याकडूनच ते दुरुस्त करून घ्यायचे की पैसे घेऊन दुसऱ्याकडून, याचा विचार आधी करावा. पॅनेल उतरवण्याचे काम व्हेंडरने आणि कोब्याचे काम वॉटरप्रूफिंगच्या जाणकाराने करावे, ही वाटणी बऱ्याचदा दोघांनाही परवडते.

कर्ज काढून यंत्रणा बसवली असेल, तर व्हेंडरशी वाद आहे म्हणून बँकेचा हप्ता थांबवू नये. कर्जाचा करार वेगळा असतो आणि थकबाकीचा डाग घरमालकाच्याच नावावर लागतो.

तक्रारीची पहिली पायरी कोणती?

फोनवरचे बोलणे पुरावा म्हणून टिकत नाही. व्हेंडरला लेखी पत्र द्यावे : काम कधी झाले, नुकसान कधी दिसले, काय दुरुस्त करून हवे, किती दिवसांत. पंधरा दिवसांची मुदत वाजवी ठरते. पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. भाषा नेमकी ठेवावी. समाजमाध्यमांवरची आगपाखड नंतर आपल्यावरच उलटू शकते.

सोबतच योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. योजनेचा मदत क्रमांक १५५५५ आहे. राष्ट्रीय पोर्टलच्या २०२२ मधील सोप्या कार्यपद्धतीत व्हेंडरला वीज कंपनीकडे किमान पाच वर्षांसाठी अडीच लाख रुपयांची बँक हमी ठेवावी लागत असे. अशी हमी थेट घरमालकाच्या खात्यात येण्यासाठी नसते. पण नोंदणी आणि हमी धोक्यात येऊ शकते हे व्हेंडरला ठाऊक असते. म्हणून तक्रारीची प्रत महावितरणच्या जवळच्या उपविभागीय कार्यालयालाही द्यावी आणि आवक शिक्का घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ही तक्रार कंपनीपर्यंत नेऊन तडजोडीचा प्रयत्न करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण अनेक वाद इथेच निवळतात.

पोलीस ठाण्यात जाऊन काय होते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. निकृष्ट काम हा आपोआप गुन्हा होत नाही. पैसे घेऊन कामच केले नाही, खोटी कागदपत्रे वापरली, अशा प्रकारांत फसवणुकीचा मुद्दा येतो. गळतीचा वाद मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे.

ग्राहक आयोगात किती खर्च, किती वेळ?

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारांची प्रकरणे जातात. ही रक्कम मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. घरगुती सौर यंत्रणांची बहुतेक प्रकरणे यातच बसतात.

तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. व्हेंडर मुंबईचा असो की गुजरातचा, सोमेश्वरनगरच्या ग्राहकाला पुणे जिल्ह्याचा आयोग खुला आहे. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. पण ‘ई-जागृती’ या पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीसाठी अर्जही करता येतो. वकील सक्तीचा नाही. मान्यताप्राप्त ग्राहक संस्थाही तक्रार दाखल करू शकते. ज्या पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, त्या जिल्ह्यात हा पर्याय अनोळखी नाही.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. गळती उशिरा दिसली असे म्हणता येते, पण वाद नको असेल तर यंत्रणा बसवल्याच्या तारखेपासूनच दोन वर्षे मोजावीत. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ही मर्यादा बंधनकारक ठरवली. तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागतो, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे.

वीजजोडणी आजोबांच्या नावावर, पैसे मुलाने दिले, घरात राहतात तिसरेच, ही गावाकडची नेहमीची स्थिती. ज्याच्या संमतीने सेवा घेतली त्याचा लाभार्थीही कायद्यात ‘ग्राहक’ असतो, आणि ग्राहकाचा मृत्यू झाल्यास कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. तरीही करारावर ज्याची सही आहे त्याचे नाव तक्रारीत असणे सोयीचे.

आदेश मिळाला, पैसे मिळाले नाहीत तर?

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. पण पैसे द्यायचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जुन्या कायद्यात २००३ ते २०२० या काळात अंमलबजावणीच्या तरतुदीत शब्दांची त्रुटी राहून गेली होती, आणि अंतिम आदेश हाती असलेलेही ग्राहक अडकले होते. पुण्यातील पाम ग्रोव्हज सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी ती दरी बुजवली आणि त्या काळातील अंतिम आदेशही अमलात आणता येतील असे सांगितले. नव्या कायद्यात मुळातच ही अडचण नाही.

आयोगाशिवाय दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि लहान रकमेसाठी तो अधिक जवळचा असू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा दाखल होण्यापूर्वीच वाद लोकअदालतीत ठेवता येतो. त्यासाठी व्हेंडरची तयारी लागते, पण तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून तडजोडीत रक्कम, तारीख आणि दुरुस्तीची पद्धत स्पष्ट लिहून घ्यावी. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि इतर पात्र घटकांना मोफत कायदेशीर मदत मिळते. दिवाणी दाव्याचा पर्यायही आहे. करारभंगासाठी त्याची मुदत तीन वर्षांची असते, मात्र त्यात न्यायालयीन शुल्क लागते.

काम सुरू होण्यापूर्वी काय लिहून घ्यावे?

बहुतेक वाद पाच ओळींनी टळू शकतात. छताची आणि खालच्या खोल्यांच्या आढ्याची कामाआधीची छायाचित्रे दोघांनी एकमेकांना पाठवावीत. सांगाडा कसा जखडणार, कोब्याला छिद्र पडणार का आणि ते कशाने बुजवणार, हे कोटेशनमध्ये यावे. अर्थिंगच्या खड्ड्यांच्या जागा खुणा करून ठराव्यात. घराचे नुकसान झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती होईल आणि पॅनेल उतरवण्याचा खर्च कोणाचा, याचे एक वाक्य करारात असावे. आणि काम झाल्यावर, काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी, बोल्टांभोवती एक दिवस पाणी साठवून पाहावे.

पाण्याच्या चाचणीला दोन-चार बादल्या पाणी आणि एक दिवस लागतो. ती आधी झाली, तर छिद्र बुजवायला तेच मजूर, तेच मशीन छतावर हजर असते आणि शेवटचा हप्ताही घरमालकाच्या हातात असतो. ती राहून गेली, तर तीच चाचणी पुढे अभियंत्यासमोर, आयोगासाठी करावी लागते.